तुम्ही विचारलंत म्हणून: न बोललेल्या वाक्याचा दावा

"एखाद्या पुढाऱ्याने वर्तमानपत्रावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, तर तुम्ही कुणाच्या बाजूने?" वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य काढलेल्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. विचारणाऱ्याने उत्तर आधीच गृहीत धरलेलं असतं: ही पत्रकार, म्हणजे वर्तमानपत्राचीच बाजू घेणार. बहुतेक वेळा मी ती घेतेही. कारभारावर टीका केली, हिशेबातला घोळ बाहेर काढला, अग्रलेखात धोरणाची चिरफाड केली म्हणून कुणी कोर्टात गेलं, तर मला दुसरा विचार करावा लागत नाही. पण एक प्रकार असा आहे, जिथे मी पुढाऱ्याच्या बाजूने उभी राहते, मग तो मला पटणारा असो वा नसो. छापलेलं वाक्य तो बोललाच नसेल तर.

अग्रलेखात मी एखाद्या मंत्र्याला अकार्यक्षम म्हटलं, तर ते माझं मत आहे हे वाचकाला कळतं. पटलं तर घेतो, नाही तर सोडून देतो. मंत्र्यालाही उत्तर देता येतं, आकडे मांडता येतात. अवतरणचिन्हं पडली की गोष्ट बदलते. तिथे मी वाचकाला सांगत असते की हे शब्द माझे नाहीत, त्या माणसाच्या तोंडचे आहेत आणि मी ते ऐकले आहेत. मग त्याच्याविरुद्धचा साक्षीदार तो स्वतःच होतो. याला त्याने उत्तर तरी काय द्यायचं? "मी असं बोललोच नाही", एवढंच. आणि हे उत्तर आपल्याकडे पार झिजून गेलं आहे. कॅमेऱ्यासमोर बोललेलं नाकारायचं आणि "माझ्या विधानाचा विपर्यास केला" म्हणायचं, हे इतक्या जणांनी इतक्या वेळा केलं आहे की ज्याच्या विधानाचा खरोखर विपर्यास झाला, त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. त्याला कोर्टाची पायरी चढण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही.

हे घडतं कसं, तेही सांगते. बाहेरच्यांना वाटतं, कुणीतरी मुद्दाम बसून खोटं वाक्य रचतं. तसंही होतं, पण क्वचित. एरवी वाक्य टप्प्याटप्प्याने बिघडतं. समजा, मंत्री सभेत म्हणाले, "निधी आलाच नाही, तर योजना काही काळ थांबवावी लागेल, पण तशी वेळ आम्ही येऊ देणार नाही." बातमीदाराने वहीत घाईघाईने टिपलं: निधी नाही तर योजना बंद, वेळ येऊ देणार नाही. बातमी लिहिताना "योजना थांबवावी लागेल" हे पहिल्या परिच्छेदात आलं, कारण बातमी तीच. "वेळ येऊ देणार नाही" चौथ्यात गेलं. रात्री ऐनवेळी जाहिरात वाढली, पानावरची जागा कमी झाली. उपसंपादकाने बातमी खालून कापली, कारण जागा कमी पडली की बातमी खालूनच कापायची, असंच शिकवलेलं असतं. चौथा परिच्छेद गेला. आता दोन कॉलमांत बसेल असा मथळा हवा. "योजना थांबवावी लागेल" बसत नाही, "योजना थांबवणार" बसतं. त्याला अवतरणचिन्हं लागली, खाली मंत्र्यांचं नाव आलं आणि पान सुटलं. सकाळी त्या योजनेवर घर चालणाऱ्या बाईने जे वाचलं, ते मंत्री बोललेच नव्हते. या साखळीतल्या एकानेही खोटं छापायचं ठरवलं नव्हतं. म्हणून मंत्र्यांचं नुकसान कमी होत नाही आणि त्या बाईची झोप उडाली तीही परत येत नाही.

शब्द किती बदलला म्हणजे तो खोटा झाला, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९१ मध्ये आला होता. जेफ्री मॅसन या मनोविश्लेषकाने न्यूयॉर्कर साप्ताहिकावर आणि लेखिका जॅनेट माल्कम यांच्यावर दावा लावला होता: माझ्या तोंडी घातलेली वाक्यं मी बोललेलो नाही. मुलाखतींच्या कित्येक तासांच्या टेप होत्या आणि वादातली वाक्यं त्यांत सापडत नव्हती. न्यायालयाने म्हटलं, अवतरणातले शब्द बदलले एवढ्यानेच दावा टिकत नाही. बदलामुळे अर्थात ठळक फरक पडला असेल तर टिकतो. पुढे १९९४ मध्ये ज्युरीने माल्कम यांच्या बाजूने कौल दिला, पण तो निकष राहिला. मला तो रास्त वाटतो. बोलणाऱ्याचं अडखळणं गाळलं, व्याकरण नीट केलं, तर कुणाची अब्रू जात नाही. वरच्या उदाहरणात मात्र "तर" आणि "पण" यांनी जोडलेली वाक्यं गेली आणि अर्थ उलटा झाला.

मराठी वाचकाला यातलं सगळ्यात मोठं उदाहरण परकं नाही. आपण ते वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवलं आहे, इतकंच. 'केसरी' आणि 'मराठा' १८८१ मध्ये सुरू झाले. कोल्हापूरच्या तरुण महाराजांना वेडं ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी बोलवा होती. त्यामागे संस्थानचे कारभारी रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे आहेत, असं दाखवणारी पत्रं पुढे आली, बर्व्यांच्या नावची. त्यांच्या आधारावर दोन्ही वर्तमानपत्रांनी बर्व्यांविरुद्ध लिहिलं. बर्व्यांनी बदनामीची फिर्याद केली आणि पत्रं बनावट ठरली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले, सुटल्यावर लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं.

ते १०१ दिवस आपल्याला शाळेपासून माहीत असतात. पत्रं बनावट होती हे फार थोड्यांना आठवतं. महाराजांची काळजी खोटी नव्हती. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात, गोऱ्या पहारेकऱ्याच्या ताब्यात असताना, त्यांचा करुण अंत झाला. म्हणजे विषय खरा होता, कळकळ खरी होती, लिहिणारे आपल्या पत्रकारितेचे आद्यपुरुष होते. तरीही जी पत्रं बर्व्यांनी लिहिली नव्हती, ती त्यांच्या नावावर चढली होती, आणि कोर्टात जाण्याचा त्यांना पुरेपूर हक्क होता. टिळक-आगरकरांबद्दलचा माझा आदर यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण तुरुंगात गेलेल्या संपादकाची बाजू आपोआप बरोबर ठरत नाही, हे या खटल्यातून कळतं आणि पत्रकारितेच्या वर्गात ते शिकवलं जावं असं मला मनापासून वाटतं.

आता कायद्याकडे येते. आपल्याकडे अब्रुनुकसानीचे रस्ते दोन, दिवाणी आणि फौजदारी. दिवाणीत भरपाई मागायची आणि दावा वर्षाच्या आत लावायचा. छापलेलं खरं होतं हे वर्तमानपत्राने सिद्ध केलं की तिथे दावा संपतो. सिद्ध वर्तमानपत्रानेच करायचं असतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. "तो तसं बोलला" हे दाखवायला मग उपयोगी पडतं ते बातमीदाराचं रेकॉर्डिंग आणि तारीख घातलेली वही. "दुसऱ्या दोन पेपरांतही तेच आलं होतं" हा बचाव लंगडा, कारण छापून आलेली बातमी हा स्वतःहून पुरावा नव्हे, ती ऐकीव माहिती आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगून ठेवलं आहे. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात "प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही" अशी ओळ असते, तिचाही आधार मिळत नाही. त्याच ओळींमध्ये संपादकाचं नाव छापावं लागतं आणि नोटीस पहिल्यांदा त्याच नावावर येते.

प्रत्येक चुकीचं वाक्य म्हणजे अब्रुनुकसानी नव्हे, हेही खरं. पुढाऱ्याच्या तोंडी न बोललेलं कौतुक घातलं, तर ते खोटं आहे, पण त्याने त्याची पत जात नाही. अशा वेळी खुलासा मागायचा.

माझं म्हणणं अधिक घट्ट होतं ते १९९४ च्या राजगोपाल निकालामुळे. सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं की सरकारी पदावरच्या माणसाला त्याच्या पदाच्या कामाबद्दल लिहिलेल्या मजकुरावर भरपाई मागायची असेल, तर तो मजकूर खोटा असणं पुरत नाही, खऱ्याखोट्याची पर्वा न करता तो छापला आहे, हे त्याने दाखवायला हवं. वर्तमानपत्रांना मिळालेलं हे मोठं संरक्षण आहे आणि ते टिकलंच पाहिजे. पण न बोललेलं वाक्य जाणूनबुजून अवतरणात टाकणं याहून खऱ्याखोट्याची बेपर्वाई ती कोणती? या संरक्षणाची भिंत जिथे संपते, नेमकी तिथेच ही बातमी उभी असते.

बाजू गाळणं हा याचाच सख्खा भाऊ. आयर्लंडचे पंतप्रधान अल्बर्ट रेनॉल्ड्स यांनी १९९४ मध्ये राजीनामा दिला. त्यांनी संसदेची दिशाभूल केली, असा आरोप करणारा लेख लंडनच्या संडे टाइम्सने छापला, पण संसदेत त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण त्यात नव्हतं. रेनॉल्ड्स यांनी दावा लावला. ज्युरीने भरपाई शून्य दिली, न्यायाधीशांनी ती एक पेनी केली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९९ मध्ये तिथे जबाबदार पत्रकारितेच्या बचावाची चौकट ठरली. आरोप होता त्याला विचारलं का, त्याचं म्हणणं छापलं का, हे त्या चौकटीतले मुद्दे. त्या दाव्यातून पत्रकारांच्या हाती काही चांगलं लागलं, म्हणून मी तो नेहमी सांगते.

माझी बाजू बदलते ती फौजदारी फिर्यादीपाशी. १८६० च्या दंड संहितेतलं कलम ४९९ आणि ५०० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ म्हणून आलं आहे, १ जुलै २०२४ पासून. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आता समाजसेवेचाही पर्याय आहे. मजकूर खरा होता एवढं इथे पुरत नाही. तो लोकहितासाठी छापला होता, हेही दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा १३ मे २०१६ रोजी सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात वैध ठरवला. त्या निकालाचा मान राखूनही मला वाटतं की शब्दांबद्दल कैद नको. पुढाऱ्याला तारखेला स्वतः जावं लागतंच असं नाही, त्याचे वकील जातात. बातमीदाराला रजा टाकून, पदरमोड करून दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोर्टात उभं राहावं लागतं आणि हे वर्षानुवर्षं चालतं. तो पुढच्या वेळी त्या पुढाऱ्याची खरी बातमीही लिहायला कचरतो. जो नुसता अब्रू भरून मागतो, त्याच्यासोबत मी आहे. जो बातमीदाराला गजाआड पाठवायला निघाला आहे, त्याच्यासोबत नाही.

मग दावा खरा आणि धाक दाखवायला लावलेला दावा, यांत फरक कसा ओळखायचा? मी आकड्याकडे बघत नाही. नोटिशीत शंभर कोटी लिहायला काही लागत नाही. दावा दाखल करताना कोर्ट फी भरावी लागते, म्हणून पुष्कळ नोटिसा नोटिसाच राहतात. अर्थात कधी कधी एवढी रक्कम खरोखर मंजूर होते. एका वाहिनीने २००८ मध्ये भलत्याच बातमीत माजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला, तेव्हा पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये शंभर कोटींचा निकाल दिला होता. मी बघते ती त्या माणसाने पहिल्यांदा काय मागितलं याकडे. त्याने दुसऱ्याच दिवशी संपादकाला पत्र लिहून "मी हे म्हटलेलं नाही, हे माझ्या भाषणाचं पूर्ण रेकॉर्डिंग, खुलासा छापा" असं सांगितलं का? भाषणाचा नेमका भाग दाखवला का, की नुसताच "विपर्यास" म्हणून बाजूला झाला? वर्तमानपत्राने दाद दिली नाही, तेव्हा वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलकडे गेला का? कौन्सिलला दंड करता येत नाही, समज देता येते, ताशेरे ओढता येतात. पण ज्याला खरं छापून यायला हवं आहे, त्याला तेही मोलाचं वाटतं. हे सगळं करून जो दिवाणी कोर्टात पोचला, त्याच्याकडे मी गंभीरपणे पाहते.

अलीकडे यात एक नवीनच त्रास शिरला आहे. वर्तमानपत्राचं बोधचिन्ह, त्याचाच टाइप, त्याचीच चौकट वापरून पुढाऱ्याच्या फोटोखाली कुणीतरी वाक्य रचतं आणि ते मोबाइलवरून फिरतं. तिथे पुढारी आणि वर्तमानपत्र दोघंही फसवले गेलेले असतात. पुढाऱ्याने आधी फोन करून "हे तुमचंच आहे का" असं विचारलं, तर दोघांना मिळून पोलिसांत जाता येतं. थेट नोटीस पाठवली, तर महिनाभर भांडण भलत्याशीच चालतं.

आमच्या धंद्याकडून माझी अपेक्षा आहे ती खुलाशाबद्दल. पहिल्या पानावर चार कॉलमांत चुकलेल्या वाक्याचा खुलासा आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, "नजरचुकीने" या शब्दाने सुरू होणाऱ्या तीन ओळींत येतो, आणि मूळ वाक्य कोणतं होतं हेही त्यात नसतं. तो वाचून कुणाला काही कळत नाही. खुलासा पहिल्या पानावर, तितक्याच ठळक टाइपात द्यावा. छापलेलं वाक्य आणि बोललेलं वाक्य एकाखाली एक द्यावं. वेबसाइटवरच्या मूळ बातमीतही तो वर जोडावा. बातमीदाराकडे रेकॉर्डिंग असेल आणि पुढारी खोटं बोलत असेल, तर तेही याच पद्धतीने छापावं, तारखेसकट, आणि मग त्याने खुशाल कोर्टात जावं. तिथे मी वर्तमानपत्राच्या बाजूने साक्षीला येईन.