देवयानीत आज काय वार?

फोनवर बोलताना मला बसवत नाही. खोलीभर येरझाऱ्या चालू असतात. परवा पलीकडून नेहमीचा प्रश्न आला, "आत्ता काय करतोयस?" 'काही नाही' म्हणता म्हणता मी भिंतीपाशी वळलो आणि डोक्यात किडा वळवळला: वळताना हे 'आत्ता' जागच्या जागी राहिलं का?

फोनवरच्या मित्रापुरतं म्हणाल तर राहिलं. फरक पडला तो सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी. पण देवयानी दीर्घिका घ्या. ती साधारण २५ लाख प्रकाशवर्षं लांब. मी ताशी पाच किलोमीटरने तिच्या दिशेने चाललो, तर तिथली माझी 'आत्ता'ची तारीख खुर्चीत बसलेल्यापेक्षा चारेक दिवस पुढे असते. पाठ फिरवून चाललो की चारेक दिवस मागे. एक गिरकी, आणि आठवडाभराची उलथापालथ!

हा घोळ आइनस्टाइनने १९०५ साली घातला. प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच मोजता यायचा, तर लांबच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या का, यावर चालणाऱ्याचं आणि बसलेल्याचं जमत नाही. सरळ, एकाच वेगाने चालणाऱ्याचं निदान एक 'आत्ता' ठरलेलं असतं. वळणाऱ्याचं वळता वळताच कलतं. मग मी पाठ फिरवली की देवयानीत कुणी आठ दिवसांनी तरुण होतं का? छे! तिथे काडीही हलत नाही. डोळ्यांना दिसणारी देवयानीसुद्धा तीच, २५ लाख वर्षांपूर्वीची. बदलते फक्त माझी वही. लांबच्या 'आत्ता'ला मी तरी घटना मानत नाही. तो नुसता हिशेब आहे.

सतत वेग वाढवत जाणाऱ्याची वही तर मध्येच संपते. एखादं यान पृथ्वीवरच्या गुरुत्वाएवढ्या त्वरणाने कायम पळत राहिलं, तर त्याच्या पाठीमागे, एका प्रकाशवर्षाहून किंचित कमी अंतरावर, क्षितिज तयार होतं. त्यापलीकडून निघालेला प्रकाश यानाला कधीच गाठत नाही. तिथली तारीख लिहायची सोयच उरत नाही.

एवढं सुचल्यावर मी निमूट खुर्चीत बसलो. मग आठवलं, खुर्चीखालची पृथ्वी सेकंदाला तीसेक किलोमीटरने सूर्याभोवती फिरते आहे, म्हणजे सतत वळतेच आहे. तिच्यामुळे देवयानीतली आपली तारीख सहा महिन्यांत चारशेच्या आसपास वर्षं हेलकावते. माझे आठ दिवस त्यापुढे काय!

उठलो आणि पुन्हा चालायला लागलो.