एकच कमांड

रविवार, रात्रीचे साडेदहा. फोंडा.

सकाळपासून पावसाने उसंत दिली नाही. वीज दोनदा गेली. तरी वाचनालयाच्या ग्रंथसूचीच्या प्रोग्रॅमचं काम आज तडीला नेलं.

हे सगळं सुरू झालं मागच्या रविवारी. शेजारची मुलगी फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकते. सूचीत 'वऱ्हाड' शोधलं की काही पुस्तकं सापडत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं आणि कारणही तिनेच शोधलं. 'ऱ' दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकच अक्षर म्हणून, किंवा 'र'ला नुक्ता (खालचं टिंब) जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, प्रोग्रॅम ज्या भाषेत आहे त्या पायथनला मात्र वेगळे. तिने शोधण्याआधी दोन्हीकडचा मजकूर युनिकोडच्या (संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण संकेतांच्या) एनएफसी या एकाच ठरावीक रूपात आणला. चार ओळींची, अगदी नेमकी दुरुस्ती.

आणि कोड तपासणाऱ्या साधनांकडून तिच्या वाट्याला आल्या लाल फुल्या. तर्कात चूक एकही नाही, सगळ्या तक्रारी मांडणीच्या. कोडची मांडणी करणाऱ्या ब्लॅकला ८८ अक्षरांची ओळ चालते, नियम तपासणारा फ्लेक८ ७९ च्या पुढे अडवतो. आयसॉर्ट इम्पोर्टच्या (बाहेरचा कोड आणणाऱ्या) ओळी एका तऱ्हेने लावतो, ब्लॅक त्या पुन्हा मोडतो. एकाचं ऐकावं तर दुसरा रुसतो. संध्याकाळी ती म्हणाली, "काका, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

ते वाक्य आठवडाभर मनातून गेलं नाही. ही सगळी रचना माझी. गेल्या काही वर्षांत एकेक साधन जोडत गेलो आणि पाच फायलींत नियम विखुरले. मला सवयीने कळायचं कुठली कमांड आधी द्यायची; तिला कोण सांगणार होतं?

७९ चा आकडा पेप ८ या पायथनच्या लेखनशैलीच्या नियमावलीतला, २००१ सालचा. त्याच पेपमध्ये पुढे म्हटलंय की टीमचं एकमत असेल तर ९९ पर्यंत जायला हरकत नाही. मी तो आकडा कधी तपासून पाहिलाच नव्हता. देवनागरीत तर तो जास्तच जाचतो. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर; पायथन मोजतो सहा: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. पुस्तकांची नावं असलेल्या टेस्टच्या (कोड नीट चालतो का हे पाहणाऱ्या चाचण्यांच्या) ओळी दिसायला आखूड, पण मोजणीत लांब. त्यामुळे तिला चांगली सलग शीर्षकं मधेच तोडावी लागली होती. आता टेस्टच्या फोल्डरला ओळीच्या लांबीचा नियमच नाही.

ब्लॅक, आयसॉर्ट, फ्लेक८ तिघांनाही निरोप दिला. त्यांच्या जागी तिघांचंही काम करणारा एकटा रफ. रस्ट या वेगवान भाषेत लिहिलेला असल्यामुळे तो इतका झटपट चालतो की पहिल्यांदा मला वाटलं, काही तपासलंच नाही. नियम सगळे पायप्रोजेक्ट टॉमल या एकाच फायलीत. संपूर्ण कोडची नवी मांडणी वेगळ्या कमिटमध्ये (बदलांच्या नोंदीत) टाकली आणि कुठली ओळ कोणी बदलली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेमने ती वगळावी अशी नोंद केली. नाहीतर प्रत्येक ओळीवर माझंच नाव आलं असतं आणि तिच्यासारख्यांनी केलेलं काम झाकलं गेलं असतं.

टेस्टमध्ये जास्त वेळ गेला. तीन टेस्ट इंटरनेटवरून पुस्तकाची माहिती आणत होत्या. पावसात नेट गेलं की त्या पडायच्या, आणि मी 'पुन्हा चालवून बघ' म्हणून मोकळा व्हायचो. कोड बरोबर असताना पडणारी टेस्ट माणसाला लाल रंगाकडे दुर्लक्ष करायला शिकवते, म्हणून ते मला जास्त घातक वाटतं. आता उत्तरं फाइलमध्ये साठवली आहेत. खरी जोडणी रात्री एकदा सर्व्हरवर तपासली जाते. कमिट करताना फक्त रफ चालतो. टेस्ट चालवणारा पायटेस्टही तिथेच लावावा असं वाटलं होतं, पण कमिटला वेळ लागायला लागला की लोक ती तपासणी टाळायची वाट शोधतात.

शेवटी मेकफाइलमध्ये (अनेक कमांडना एक नाव देणाऱ्या, मेक या साधनाच्या फायलीत) एक नाव: 'तपास'. ते टाइप केलं की मांडणी सुधारते, मग टेस्ट चालतात. मेकला देवनागरी नाव चालतं, याचा मला फार आनंद झाला.

नऊच्या सुमारास तिने बदललेल्या कोडची शाखा उतरवून तेच चालवलं. रफने दोन ठिकाणी मांडणी आपणच नीट केली. टेस्ट सगळ्या हिरव्या. 'वऱ्हाड' दोन्ही तऱ्हांनी सापडला.

तिला निरोप लिहिलाय, पण नेट नसल्याने अजून गेलेला नाही. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की पाव घ्यायला ती फाटकाशी येतेच. तेव्हा तोंडीच सांगेन.