ळ संपले आहेत

बडोद्यातल्या जुन्या मराठी लग्नपत्रिका कुणाच्या घरी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेल्या असतील तर एकदा काढून बघा. वर गणपतीचा ठसा, त्याखाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून', मग चि. आणि चि. सौ. कां., दोन्हीकडच्या आजोबांची नावं, आणि अगदी तळाशी कार्यालयाच्या पत्त्याआधी बारीक टाइपात 'स्थल'. स्थळ नव्हे, स्थल. मला लहानपणी वाटायचं, लग्न म्हणजे मंत्रबिंत्र असलेलं संस्कृत प्रकरण, तेव्हा पत्तासुद्धा संस्कृतातच देत असतील. खरं कारण रावपुऱ्याच्या एका बोळातल्या छापखान्यात कळलं. त्यांच्याकडचे ळ संपले होते.

अक्षर संपतं म्हणजे काय, हे आता समजावूनच सांगावं लागेल. फोनवर ळ दाबत बसलात तर बॅटरी संपेल, ळ संपणार नाहीत. खिळ्यांच्या छपाईत मात्र प्रत्येक अक्षर ही हातात धरायची वस्तू होती. शिसं, अँटिमनी आणि थोडं कथील यांच्या मिश्रणातून ओतलेली, एका टोकाला उलटं अक्षर असलेली कांडी. निव्वळ शिसं मऊ पडतं, दाबाखाली चेपतं. अँटिमनीनं त्याला कडकपणा येतो, आणि थंड होताना धातू फारसा आकसत नाही म्हणून कडा रेखीव उठतात. सगळ्या कांड्यांची उंची एकच, ०.९१८ इंच. केसभर कमी झाली तर शाई नीट लागत नाही, केसभर जास्त झाली तर कागदाला भोक. अशा मोजक्या कांड्या खणात असायच्या. मजकुरात चाळीस ळ आणि खणात तीस, तर उरलेले दहा कुठून आणणार? आधीचं पान छापून होईपर्यंत थांबायचं, मग ते मोडून त्यातले ळ काढायचे. नाहीतर लेखकाला गाठून म्हणायचं, साहेब, जरा शब्द बदला.

फाउंड्रीतून, म्हणजे अक्षरं ओतणाऱ्या कारखान्यातून, टाइप वजनावर यायचा आणि त्यात कुठलं अक्षर किती हे प्रमाण ठरलेलं असायचं. हा छापखाना चालायचा मुख्यतः गुजराती कामावर. देवनागरी टाइप घेतला होता तो हिंदी परिपत्रकं आणि संस्कृत स्तोत्रांची पुस्तकं छापायला. हिंदीत ळ औषधालाही सापडत नाही. संस्कृतात तो वेदांपुरता. मराठीत मात्र सकाळी उठल्यापासून रात्री डोळे मिटेपर्यंत ळशिवाय पान हलत नाही, आणि लग्नात तर विचारूच नका. मंगळसूत्र, मंगळाष्टका, नारळ, तांदूळ, गोतावळा, फराळ. त्यात जोगळेकरांची मुलगी काळ्यांकडे द्यायची ठरली की जुळाऱ्याच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याच्या, कपाळावर आठ्या. आडनावात तडजोड करता येत नाही, 'वेळ'चं 'वेल' केलं तर भलताच अर्थ होतो, मग राहता राहिलं बिचारं स्थळ.

मी तिथे गेले होते बाबांचं बोट धरून, आत्याच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला. जुळारीकाका गुजराती होते. मराठी त्यांना बोलता यायचं ते 'किती पाहिजे' आणि 'उद्या या' एवढंच, पण जुळवायचे मात्र सरसर. डाव्या हातात स्टिक, म्हणजे पितळेची एक छोटी आडवी पट्टी, तिची एक बाजू ओळीच्या रुंदीप्रमाणे सरकवून घट्ट केलेली. डाव्या हाताचा अंगठा शेवटच्या खिळ्यावर टेकलेला. उजवा हात केसमधल्या, म्हणजे खिळ्यांच्या लाकडी पेटीतल्या, खणांवरून फिरत होता आणि डोळे हस्तलिखितावर. खणांवर नावं नव्हती. काना सगळ्यात जास्त लागतो म्हणून त्याचा खण हाताशी, लांबच्या कोपऱ्यात क्ष आणि ज्ञ. खिळा हातात आला की तो सुलटा आहे का हे बघायलाही ते मान खाली घालत नसत. प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एक खाच असते, ती अंगठ्याला लागली की काम झालं. ओळ डावीकडून उजवीकडेच चालते, फक्त पायात डोकं, आणि त्यावर आरशातली. मी त्यात 'श्री' शोधत बसले. काका हसले आणि खिशातून गोल आरसा काढून माझ्या हातात दिला. त्यात 'श्री' दिसला खरा, पण डोकं खाली करून उभा.

'आमचे येथे' पासून 'कार्यसिद्धीस नेण्यास' पर्यंतचा मजकूर त्यांनी जुळवलाच नाही. तो दोऱ्यानं करकचून बांधून फळीवर तयार ठेवलेला होता. लग्नसराईत तो मोडायचाच नाही, फक्त मधली नावं आणि तारीख बदलायची. एकाच मजकुरावर कितीतरी घरची लग्नं लागली असतील. बाबांनी स्थळबद्दल विचारलं तेव्हा काकांनी ळचा रिकामा खण ओढून दाखवला. बाबा मागे हटणारे नव्हते. पुढच्या खेपेला मुंबईहून येताना त्यांनी पुडीत बांधून ळ आणले! आत्याच्या पत्रिकेत 'स्थळ' आहे, पण बाकीचा टाइप झिजलेला आणि हे ळ कोरे, त्यामुळे सगळ्या पत्रिकेत ळ तेवढे काळेभोर ठसठशीत उठलेले दिसतात. आत्याच्या सासरी यावर काही बोलणं झालं की नाही, माहीत नाही.

बडोदं हे या कामाला तसं अवघडच गाव. राजा मराठी, प्रजा गुजराती, दप्तरात इंग्रजी, पंडितांचं संस्कृत. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. शाळा म्हटली की क्रमिक पुस्तकं आली, हजेरीपत्रकं आली, ग्रंथालय म्हटलं की सूची आणि पावत्या. १९१६ पासून गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये संस्कृत ग्रंथ निघू लागले, त्यातले काही मुंबईच्या छापखान्यांतून छापून यायचे. देवनागरी टाइपासाठी मुंबईकडे बघण्याची सवय जुनीच होती. जावजी दादाजींनी आधी टाइपाची फाउंड्री घातली आणि मग १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी आरूंनी घडवलेल्या त्यांच्या अक्षरांची ऐट अशी की निर्णयसागरची पोथी अजूनही लांबून ओळखू येते. गुजराती टाइपाचा उगमही मुंबईतच. फर्दूनजी मर्झबान या पारशी गृहस्थांनी १८१२ साली तिथे छापखाना काढला. बडोद्यानं आपल्या परीनं कलाभवन ही कारागिरी शिकवणारी संस्था उभी केली, १८९० साली, प्राध्यापक गज्जरांच्या हातून. सिनेमाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके छपाईच्या धंद्यात होते, त्याचे पहिले धडे त्यांनी याच कलाभवनात गिरवले.

गुजराती आणि देवनागरी एकाच छताखाली जुळवायच्या म्हणजे खरी गंमत शिरोरेघेची. गुजरातीला ती नाही. दोन खिळ्यांमध्ये दोऱ्याएवढी फट राहिली तरी वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. देवनागरीत मात्र तीच फट शब्दाच्या डोक्यावर बसते. प्रत्येक खिळा आपापला तुकडा रेघ घेऊन येतो आणि ते सगळे तुकडे एका ओळीत अखंड दिसायला हवे असतात. खिळे झिजले, फर्मा म्हणजे जुळवलेल्या पानाची चौकट सैल आवळली गेली, की रेघेला जागोजाग चिरा. रविवारच्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे असतात ना तुटक तुटक, तशी ती दिसते.

त्याहून नाजूक जागा वेलांट्यांची आणि रफारांची. काही खिळ्यांवर वेलांटीचा फाटा खिळ्याच्या अंगाबाहेर, शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर झुकलेला असायचा. खाली आधार काहीच नाही. मशीनच्या दाबाखाली शेकडो वेळा गेला की एक दिवस तो तुटायचा, बहुधा छपाई चालू असतानाच. त्यामुळे एकाच आवृत्तीतल्या काही प्रतींत 'किती'ची पहिली वेलांटी शाबूत, तर काहींत तिचा नुसता काना उरलेला. आपण ते सगळं मुद्राराक्षसाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो, आणि मुद्रितशोधकाला बोल लावतो. तो बिचारा काय करणार, त्यानं प्रूफ तपासलं तेव्हा वेलांटी जागेवर होती. यावर दुसरी पद्धत निघाली डिग्रीची. तिच्यात मात्रा वेगळ्या, अक्षर वेगळं, उकार वेगळा, एकावर एक तीन थरांत रचायचे. खिळ्यांचे प्रकार कमी लागायचे, पण एका ओळीसाठी तीनदा हात फिरवायचा. मराठीला लागणाऱ्या शेकडो प्रकारच्या खिळ्यांना तेव्हाचे लोक इतके वैतागलेले होते की लिपी बदलायलाही तयार झाले. सावरकरांची अि, अी, अु ही बाराखडी त्यातलीच. स्वरांचे वेगळे खिळे नकोत, सगळं अ वर चढवा. आज वाचताना ते विचित्र वाटतं, पण एकदा केससमोर तासभर उभं राहिलेला माणूस त्यांच्या बाजूनं मत देईल अशी मला शंका आहे.

हल्ली शहरातल्या कॅफेंच्या भिंतीवर टाइपाच्या जुन्या केसी टांगलेल्या दिसतात. लाकूड चकचकीत पॉलिश केलेलं, खणाखणात चिमुकल्या मूर्ती आणि सुकी फुलं. दिसतात छानच, मी उगाच नाक मुरडणार नाही. पण त्यावरून लोक जे उसासे टाकतात, काय ती कला, काय तो काळ, ते मला फारसं पटत नाही. काकांना दिवसभर उभं राहून कंबर धरायची. बल्ब एकच, तोही मालकाच्या टेबलावर जास्त आणि केसवर कमी. बोटं शिशानं कायमची करडी झालेली, ते हात न धुता चहाचा कप उचलायचे तर मालक ओरडायचा, एवढीच काय ती आरोग्याची काळजी. गूळ खाल्ला की शिसं बाधत नाही असा तिथे सगळ्यांचा विश्वास होता, आणि खिडकीत गुळाचा खडा कागदात ठेवलेला असायचा. १८६७ च्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव छापणं सक्तीचं होतं. ते नाव खिळा खिळा लावून जुळवणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याही कायद्याला आठवलं नाही. दिवसभर जुळवलेलं छापून झालं की संध्याकाळी तेच मोडत बसायचं, एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात. जुळवताना निदान वाचायला तरी मिळतं. मोडताना तेही नाही, कारण शब्द समोरच विस्कटत असतो.

ऑफसेट आला, मग संगणकावर जुळणी सुरू झाली आणि टाइप किलोच्या भावानं भंगारात गेला. धातू वितळवून पुन्हा वापरता येतो, त्यामुळे भाव बरा मिळाला असं मालक सांगायचे. काकांच्या मुलानं त्याच जागेत झेरॉक्सचं दुकान टाकलं, ते मात्र जोरात चाललं.

ळ चा प्रश्न तेव्हापासून सुटला म्हणायला हरकत नाही. आता अडतं ते ऱ्य पाशी. हा अर्ध्या चंद्रकोरीसारखा र मराठीची मिरास, हिंदीला त्याची गरज नाही, गुजरातीला तर नाहीच. गेल्या वर्षी आमच्या गल्लीच्या गणपतीचा फ्लेक्स करायला गेलो. 'दर्शनास येणाऱ्या सर्व भाविकांचे स्वागत' एवढाच मजकूर. दुकानातल्या मुलाकडे हिंदीचे देखणे फॉन्ट भरपूर, पण ऱ्य टाकला की कुठे चौकोन, कुठे र चा पाय मोडलेला, कुठे सरळ 'येणार्या'. त्यानं मन लावून सगळे फॉन्ट फिरवून पाहिले. शेवटी एक सापडला, पण त्यात गणपतीच्या नावावरची नक्षी बसेना. तोपर्यंत मागे गरब्याच्या बॅनरवाल्यांची रांग लागलेली. मंडळाच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "अहो ताई, काढून टाका ना तो शब्द. न येणाऱ्यांचं स्वागत कोण करतंय?"