प्रागचा किल्ला: वरून शिरावे, खाली उतरावे

प्रागला जाण्याचे ठरले तेव्हा माझ्या वहीत किल्ल्याच्या वाट्याला अर्धाच दिवस आला होता. किल्ला म्हटला की पायथ्याचे गाव, चढण, महादरवाजा, पाण्याची टाकी आणि ढासळलेला वाडा एवढे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते, आणि बालेकिल्ला पाहून झाला की गड झाला, असा आपला हिशेब असतो. नकाशा पसरला तेव्हा हा हिशेब इथे चालणार नाही हे कळून चुकले. सुमारे 70,000 चौरस मीटर, म्हणजे सतरा एकरांहून अधिक जागेत तीन प्रशस्त चौक, एक कॅथेड्रल (बिशपचे मुख्य चर्च), राजवाडे, बॅसिलिका म्हणजे आणखी एक जुने चर्च आणि चक्क घरांची एक गल्ली आहे. तटाला लागून बागा आहेत, त्या वेगळ्याच. इसवी सन 880 च्या सुमारास बोरिवोय या सरदार-राजाने येथे ठाणे वसवले, आणि 1918 पासून राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय याच आवारात आहे. म्हणजे पाहायचे आहे ते तटबंदीच्या आतले एक गाव, आणि तेही अजून राबते असलेले.

बरोबर आई होती. तिचे वय एकाहत्तर आणि गुडघे त्याहून थोडे जास्त. त्यामुळे काय पाहायचे याआधी कुठून शिरायचे हा प्रश्न सोडवावा लागला. मालोस्त्रान्स्का या मेट्रो स्थानकापासून जुन्या पायऱ्या चढून पूर्वेच्या दरवाजाशी जाणारी वाट नकाशावर सर्वांत सरळ दिसते. पण दिवसाच्या आरंभीच ती चढण अंगावर घेणे आम्हाला परवडणारे नव्हते. 22 क्रमांकाची ट्राम मात्र टेकडी आपण होऊन चढते. तिने ‘प्राश्स्की ह्राद’ थांब्यावर उतरले की खंदकावरच्या पुलावरून जवळजवळ सपाट चालत दुसऱ्या चौकात पोचता येते. परतताना त्याच जुन्या पायऱ्या उतरायच्या, म्हणजे चढ ट्रामच्या वाट्याला आणि उतार आपल्या. वाटेत सामानाची तपासणी होते आणि तिथे रांग लागते, म्हणून नऊला इमारती उघडण्यापूर्वीच पोचायचे ठरले. आवार पहाटे सहापासून खुले असते आणि नुसते हिंडायला तिकीट लागत नाही.

इतके बारकाईने ठरवूनही दिवस निवडताना मी चुकलोच. आम्ही रविवारी सकाळी पोचलो आणि सेंट व्हिटस कॅथेड्रलचे दार पर्यटकांसाठी बंद! रविवारी सकाळी तेथे प्रार्थना असते आणि दुपारी बारानंतरच इतरांना आत घेतात. ‘देवळात काकडआरती चालू असताना आपणही पर्यटकांना थांबवूच की,’ असे म्हणून आईने विषय मिटवला. मुख्य तिकीट दोन दिवस चालत असल्यामुळे फार बिघडले नाही. क्रम तेवढा उलटा केला: जुना राजवाडा आधी, कॅथेड्रल सोमवारी सकाळी.

झाले ते बरेच झाले, कारण त्या सकाळी राजवाड्याचे व्लादिस्लाव्ह दालन जवळजवळ रिकामे मिळाले. बेनेडिक्ट रीड या वास्तुकाराने सोळाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पुरे केलेले हे दालन 62 मीटर लांब आहे आणि मध्ये एकही खांब नाही. छताच्या कमानींच्या शिरा वेलीसारख्या एकमेकींत गुंतत जातात, आणि मान वर करून एखादी शीर कुठे संपते ते शोधू लागलो तर ती भलत्याच भिंतीत जाऊन मुरते. येथे घोड्यांवरून भाल्यांचे सामने होत. त्यासाठी घोडेस्वार ज्या जिन्याने वर येत त्याच्या पायऱ्या इतक्या रुंद आणि ठेंगण्या आहेत की आई कठड्याला हात न लावता त्या उतरली. ‘घोड्यांसाठी केलेला जिना माझ्या गुडघ्यांना सोसला,’ हे तिने नंतर दोन वेळा फोनवर सांगितले.

दालनालगतच्या कचेरीत ती प्रसिद्ध खिडकी आहे. 23 मे 1618 रोजी चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी बादशहाचे दोन कारभारी आणि फाब्रिसियुस नावाचा त्यांचा चिटणीस यांना तिथून खाली फेकले. तिघेही वाचले, कॅथलिकांच्या मते देवदूतांनी झेलले म्हणून, विरोधकांच्या मते खाली उकिरडा होता म्हणून. चिटणिसाला पुढे सरदारकी मिळाली आणि किताबाचे नाव पडले ‘होहेनफाल’, म्हणजे उंचावरून पडणे. या प्रकरणातून पेटलेले युद्ध तीस वर्षे चालले. खिडकी मात्र अगदी साधी आहे, आणि तिच्यापुढे दहा मिनिटे सहज जातात.

सोनेरी गल्लीसाठी मी पाऊण तास ठेवला होता, तो जास्तच झाला. किल्ल्याच्या पहारेकऱ्यांनी तटाच्या कमानींखाली बांधलेली ही बुटकी रंगीत घरे गोड आहेत, 22 क्रमांकाच्या घरात लेखक फ्रान्झ काफ्का 1916-17 च्या हिवाळ्यात लिहीत बसत असे हेही खरे, पण दुपारी तेथे पाऊल ठेवायला जागा नसते. संध्याकाळी प्रदर्शने बंद झाल्यावर आम्ही गल्लीत पुन्हा गेलो, तेव्हा तिकीट लागले नाही. घरांना कुलपे होती, पण गल्ली गल्लीसारखी दिसली.

सोमवारी नऊच्या ठोक्याला कॅथेड्रल. 1344 मध्ये आरंभ झालेले हे बांधकाम 1929 मध्ये पुरे झाले. त्यातल्या सेंट वेन्सेस्लासच्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, आत जाऊ देत नाहीत. दारातूनच रत्नखड्यांनी मढवलेल्या भिंती पाहायच्या. याच चॅपेलमधून राजमुकुटाच्या खोलीकडे वाट जाते. त्या खोलीला सात कुलपे आहेत आणि सात किल्ल्या सात जणांकडे, त्यांत राष्ट्राध्यक्ष, आर्चबिशप आणि प्रागचे महापौरही. चित्रकार अल्फोन्स मुखा यांच्या रंगीत काचेच्या खिडकीत तळाशी, खर्च उचलणाऱ्या विमा बँकेचे नाव आहे. ते दाखवताच आईला आमच्या गावच्या देवळातला पंखा आठवला, ज्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचे नाव आहे.

दक्षिण मनोऱ्याचे तिकीट वेगळे असते आणि 287 पायऱ्या चढाव्या लागतात. तो मी एकट्याने केला. आई तिसऱ्या चौकातल्या बाकावर बसली होती, आणि वरून मला तिची जांभळी शाल नीट ओळखू आली.