अर्धा गुण

"काय रे, जिंकलास का?" शाळेच्या सांघिक बुद्धिबळ स्पर्धेहून आलेल्या भाच्याला मी दारातच विचारलं. "ड्रॉ" म्हणाला आणि दप्तर आपटून आत गेला. त्याचा संघ जिंकला होता हे मला तासाभराने कळलं. मी विचारलंच नव्हतं.

समजूत काढायला पडवीत बसून मोबाइलवर २०२४ च्या बुडापेस्ट बुद्धिबळ ऑलिंपियाडची शेवटची फेरी काढली. समोर स्लोव्हेनिया, चार पटांवर चार डाव. गुकेश, अर्जुन, प्रज्ञानंद जिंकले. आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीची बरोबरी, म्हणजे अर्धा गुण. साडेतीन-अर्धा, आणि खुल्या गटातलं भारताचं पहिलं सुवर्ण. (महिलांनीही त्याच दिवशी सोनं आणलं, त्यात नागपूरची दिव्या देशमुख. पण पोराचं लक्ष त्या अर्ध्यावरच अडकलेलं.)

"म्हणजे यालापण सोन्याचं पदक? अख्खं?"

शेजारचे आबा रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं, जाळं दुरुस्त करत बसले होते. बुद्धिबळाशी त्यांचा संबंध शून्य. मान वर न करता म्हणाले, "रापणीत जो दोरी वडता, तेका वाटो गावता मां? मासो कोणाच्या हाताकडसून इलो, ता कोण इचारता?"

भाचा हसला नाही. पण थोड्या वेळाने दप्तरातून चुरगळलेला नोंदीचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ४७ चाली. "शेवटी दोघांचा एकेक हत्ती होता मामा, आणि माझं एक प्यादं कमी. तरी धरून ठेवलं."

हे सगळं त्याला दारातच सांगायचं असणार.

तुमच्याही तोंडी पहिला प्रश्न तोच येतो का हो?