जिंकलेल्याची तपासणी

रिंगच्या कडेला खुर्ची टाकून बसणारा डॉक्टर कुणालाच फारसा आवडत नाही. कोचला वाटतं हा आपली लढत थांबवणार, पोरांना वाटतं हा आपल्याला घरी पाठवणार. परभणीत माझा दवाखाना आहे. बॉक्सिंगची स्पर्धा भरली की आयोजक हक्कानं बोलावतात आणि मीही जातो. सकाळी वजनाच्या वेळी सगळ्यांची तपासणी, मग दिवसभर लढती. भुवई फुटली, नाक वाहिलं, अंगठा मुरगळला, हे तिथलं रोजचंच. गेल्या एप्रिलमधल्या राज्य स्पर्धेत, अंतिम लढतींच्या सकाळी जे पोरगं माझ्या टेबलासमोर बसलं, त्याला कुठं खरचटलंही नव्हतं. लागोपाठ तीन दिवस तीन लढती जिंकून ते आलं होतं.

हिंगोलीकडचं, अठराचं, ५७ किलोच्या गटातलं. काट्यावर वजन बरोबर भरलं होतं. ते कसं भरलं हे ओठांवर दिसत होतं : कोरडे, पांढुरके, मधोमध चिरलेले. वजन उतरवायला पहाटे अंगात रेनकोट चढवून, घाम गाळत मैदानाला फेऱ्या मारलेल्या, आदल्या संध्याकाळपासून पोटात जेमतेम दोन घोट पाणी. तेही एप्रिलातल्या परभणीत! बसल्या जागी नाडी शंभराच्या वर. हाताची पट्टी सोडायला लावली तर उजव्या मुठीची मधली दोन हाडं सुजून एकच टेंगूळ झालेलं. मूठ आवळायला सांगितली तसा तो माझ्याकडं न बघता वर पंख्याकडं बघायला लागला.

"डोकं दुखतंय का रे?"

"नाही साहेब."

"झोप लागली?"

"लागली की."

फरशीच्या रेघेवरून टाचेला बोटं लावत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला तोल गेला. पाच साधे शब्द सांगितले, मग दुसऱ्या गप्पा मारून पुन्हा विचारले, दोन आले. मग विचारलं, काल तू लाल कोपऱ्यात होतास का निळ्या? "लाल," तो ठामपणे म्हणाला. कालचा कागद माझ्यासमोर होता. निळा.

"दुसऱ्या राउंडमध्ये काय झालं सांग बरं."

पोरगं गप्प. त्या राउंडमध्ये जोरात मार बसला म्हणून रेफरीनं लढत थांबवून त्याच्यावर आठपर्यंत मोजलं होतं. तिसऱ्या राउंडमध्ये यानंच सामना फिरवला, शिट्ट्यांनी हॉल दणाणला, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. हे सगळं मी बघितलं होतं. त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं.

माझ्याकडं शब्द सापडेनात म्हणून मी नुसता कागद चाळत बसलो, तेव्हा तोच हळू आवाजात बोलला. "डोळे मिटले की ठोसे अंगावर यायलेत साहेब. रात्री उलटी झाली. सकाळपासून पोरं बोलायलीत तरी चिडचिड व्हायली. पण सरांना नका सांगू."

सर दारातच उभे होते.

हे कोच वाईट माणूस नव्हेत, हे आधी सांगतो. स्वतःच्या खिशातून पोरांना अंडी-दूध खाऊ घालणारा माणूस आहे. "काय बोलायलात डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "जिंकायलंय की पोरगं! कालच्या हरलेल्याला बघा ना, त्याला लई लागलंय." पदक म्हणजे काय हे मलाही ठाऊक आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि आमच्याकडच्या पोरांना तेवढी एकच खिडकी उघडी दिसते. रौप्य तर त्याचं पक्कंच होतं. सरांना सुवर्ण हवं होतं, कारण राज्याच्या संघात सुवर्णवालाच जाणार.

पण त्यांच्या बोलण्यातच गोम होती. कालचा हरलेला डोक्याच्या मारानं थांबवला गेला होता. नियमानं त्याला किमान ३० दिवस लढत नाही, स्पारिंग म्हणजे सरावाची लढतही नाही; तीन महिन्यांत दुसऱ्यांदा असं झालं तर ९० दिवस, वर्षात तिसऱ्यांदा झालं तर वर्षभर बंदी. तो बसनं घरी गेला, आईच्या हातचं जेवला, झोपला. त्याच्याएवढाच मार खाऊन जो जिंकला, त्याला बक्षीस काय? दुसऱ्याच दिवशी आणखी एक लढत, रिकाम्या पोटी.

डोक्याला मार बसला की मेंदूच्या पेशींना सावरायला जास्तीची ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो. ही ओढाताण काही दिवस चालते. तेवढ्यात दुसरा फटका बसला तर पहिल्याहून हलका असला तरी मेंदू सुजू शकतो. हे क्वचितच घडतं, पण घडतं ते बहुतेक याच वयाच्या पोरांत, आणि मग हाताशी मिनिटं उरतात. डोक्याला बांधायच्या हेडगार्डवर पालकांचा फार भरवसा असतो. त्यानं भुवई वाचते. नारळाला शेंडी कितीही जाड असली तरी हलवला की आतलं पाणी डुचमळायचं ते डुचमळतंच.

सरांना मी जगज्जेत्या मुहम्मद अलीचं सांगितलं. १ ऑक्टोबर १९७५, मनिला : चौदा राउंडनंतर अलीचा प्रतिस्पर्धी जो फ्रेझियर याच्या कोचनं, एडी फचनं, आपल्या माणसाला उठू दिलं नाही. अली जिंकला आणि पुढच्या वर्षी चार वेळा रिंगमध्ये उतरला. १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्स या बॉक्सरशी पंधरा राउंड, तेही जिंकला. त्यानंतर त्याचा डॉक्टर फर्डी पाचेको यानं, आता थांब म्हणून सांगूनही कुणी ऐकेना, तेव्हा संघच सोडला. १९८४ मध्ये अलीला पार्किन्सन्सचं निदान झालं. त्याचं सगळं खापर ठोशांवर फोडणं बरोबर नाही. पाचेकोनं तेव्हा मात्र रक्त-लघवीचे रिपोर्ट बघून थांबायला सांगितलं होतं, स्कोअरकार्ड बघून नव्हे.

"अलीचं राहू द्या," सर म्हणाले, "माझ्या पोराचं बोला."

मी कागदावर 'अनफिट' लिहिलं, पोराला गाडीत घातलं आणि सीटी स्कॅनला नेलं. रक्तस्राव नव्हता. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर बघून सरांचा फोन आला, "मग खेळवायचं होतं की!" स्कॅन साफ आला म्हणजे मेंदू ठणठणीत असं नसतं, हे त्यांना फोनवर समजावता समजावता माझाच घसा बसला. पोरगं मागच्या सीटवर ओआरएसचं पाकीट रिकामं करून झोपलं होतं. त्याच्या रेकॉर्ड बुकात मी ३० दिवस लिहिले. 'हा तर जिंकलेला आहे, कुठल्या नियमानं?' असं एका पदाधिकाऱ्यानं विचारलं. डॉक्टरच्या अधिकारात, म्हणालो.

यंदाही बोलावणं आलं. मी दोन अटी घातल्या. एक, लढत संपली की जिंकलेल्याला खांद्यावर घेण्याआधी माझ्यासमोर बसवायचं. दुसरी, उपांत्य आणि अंतिम फेरीच्या मधे एक दिवस मोकळा ठेवायचा. पहिली लगेच मान्य झाली, टेबलाशेजारी एक जादा खुर्चीही आली. दुसऱ्या अटीवर अजून बोलणी चालू आहेत; एका दिवसाचं हॉलचं भाडं आणि पोरांचं जेवण कोण देणार, इथं अडलंय.