आमच्या फिल्टरला सुरकुत्या असतात

८ जून २००४ च्या शुक्राच्या अधिक्रमणासाठी, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना बघण्यासाठी, भावाने आणि मी दुर्बिणीच्या तोंडावर बसणारे पहिले अकरा सौर फिल्टर बनवले. लेथ मशीन त्याचं, हौस माझी. दुर्बिणीच्या नळीपेक्षा दोन मिलिमीटर मोठी ॲल्युमिनियमची रिंग उतरवायची, आतून फेल्ट लावायचं, बाजूला तीन नायलॉनचे स्क्रू, म्हणजे वाऱ्याने फिल्टर निघत नाही. फिल्म बाडर कंपनीची, घनता ५. लाखातला एक भाग प्रकाश आत सोडणारी. ती रिंगमध्ये सैल बसवायची. ताणली की प्रतिमा बिघडते. वरून चुण्या दिसल्या तरी सूर्यावरच्या डागाची कडा स्वच्छ येते.

पुढची पंधरा वर्षं धंदा बरा चालला.

मग २६ डिसेंबर २०१९ चं ग्रहण आलं. कंकणाकृती पट्टा केरळ-तमिळनाडूतून, आपल्याकडे खंडग्रास, तरी शाळांची मागणी प्रचंड. आमच्याकडूनच रिंगा नेणाऱ्या एका व्यापाऱ्याने स्वतःचा फिल्टर काढला. रिंग हुबेहूब आमची, स्क्रूची जागासुद्धा तीच. फिल्म कुठली देव जाणे, पण ढोलकीसारखी ताणलेली आणि आरशासारखी गुळगुळीत. किंमत निम्मी. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवले की गिऱ्हाईक आमच्याकडे बोट दाखवायचं, "हा पीस खराब आहे का हो?" एकशेचाळीस फिल्टर परत आले. त्याचा एक नमुना मी हॅलोजनच्या दिव्यासमोर धरला, तर पाच छिद्रं चमकली. ते दाखवायला गेलो, तर म्हणाला, "तीन तासांचं ग्रहण, कोण बघतंय एवढं?" मुलांच्या डोळ्यांचा प्रश्न होता. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

उरलेली भिस्त २१ जून २०२० च्या ग्रहणावर होती. कर्ज काढून फिल्म भरली आणि लॉकडाऊन लागला. भावाने मशीनला गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली.

त्याच आठवड्यात कराडच्या मास्तरांचा फोन आला. पहिल्या अकरांतला एक फिल्टर त्यांच्याकडे. "फिल्म बदलून दे रे. आणि सैलच बसव." पार्सलमध्ये त्यांनी ऑक्टोबर २०१४ च्या त्या प्रचंड डागसमूहाची, २१९२ क्रमांकाच्या, रोज काढलेली चित्रं ठेवली होती. उपछायेतल्या, म्हणजे डागाच्या काळ्या गाभ्याभोवतीच्या फिकट पट्ट्यातल्या, बारीक रेषासुद्धा पेन्सिलीने उतरवलेल्या. पाठोपाठ त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ऑर्डरी आल्या. मशीन राहिलं.

आता एवढं ऐकाच. दर वेळी फिल्टर लावण्याआधी तो दिव्यासमोर धरा. फाइंडरचं, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचं, झाकण काढू नका. आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, बसणारी काळी काच घरात असेल तर आजच फोडून टाका, उष्णतेने ती पाहता पाहता तडकते आणि डोळा तिच्यामागेच असतो.

मास्तरांची चित्रं काउंटरमागे लावली आहेत. कुणी सुरकुत्यांवर बोट ठेवलं की मी आधी तीच दाखवतो. त्यांचा फिल्टर परवा पुन्हा आलाय, फिल्म बदलायला.